मिठाच्या राजाला मुलगी नाही

हेडफोनमध्ये तिचाच आवाज आला आणि तिला तो ओळखू आला, तिथूनच सगळं बिनसलं. इतकी वर्षं या काचेच्या खोलीत उभी राहून ती राण्यांचे, चेटकिणींचे, एकदा तर बोलक्या विहिरीचाही आवाज काढत आली होती, आणि परत ऐकताना ती स्वतःला कधीच भेटली नव्हती. भेटायची ती राणी, भेटायची ती विहीर. आज मात्र पडद्यावर राखी झग्यातली म्हातारी दूती परक्या दरबारात कमरेत वाकून म्हणाली, "मिठाचा राजा मुलीची वाट बघतो आहे," आणि ते वाक्य दूतीचं नव्हतं. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, ओले हात पुसत ती फोनवर बोलायची तो हा आवाज होता. शेवटचा शब्द जरासा वर उचललेला, रडणाऱ्या मुलाला खांद्यावर घेताना उचलतात तसा. काचेपलीकडून ध्वनीवाला म्हणाला, "ताई, हे चौथ्या भागातलं. तेव्हा चालून गेलं. पण आता ऐकतोय तर फार गोड झालंय." तिनं विचारलं, "गोड म्हणजे?" तो समोरची बटणं चाचपत म्हणाला, "म्हणजे काहीतरी लपवून सांगायचं असलं की माणूस गोड होतो ना, तसं." वाईट बोलणारा माणूस नव्हता तो. त्याचे कानच तसे होते. मागे एकदा फक्त तिचा श्वास ऐकून तो म्हणाला होता, ताई, आज तुम्हाला बरं नाही, आणि रात्री तिला खरोखरच ताप भरला होता.

जुना भाग परत ऐकायची वेळ आली ती सकाळी मालिकेचा शेवटचा भाग हातात पडला म्हणून. मालिका परदेशातून तयार होऊन यायची. चित्रं हललेली, तोंडं उघडून मिटलेली, सगळं झालेलं असायचं. तिचं काम त्या तोंडांत आपल्या भाषेतले शब्द घालायचं, असे की ओठ मिटला तिथे पफबभम यावा आणि तोंड उघडं राहिलं तिथे आ. याला ते लोक ओठ बसवणं म्हणत. संवाद तीच लिहायची आणि म्हाताऱ्या बायकांचे आवाजही तीच द्यायची, कारण त्यामुळे एक माणूस कमी लागायचं. गोष्ट मात्र तिच्या हाती कधी अख्खी यायची नाही. आठवड्याला एक भाग, तोही ज्या क्रमाने पाठवणाऱ्यांना सोयीचा पडेल तसा. पुढे काय होणार हे तिला प्रेक्षकाइतकंच ठाऊक. मिठाच्या राज्याने धुक्याच्या राज्याशी तह केला आणि तहाचा शब्द पाळला जावा म्हणून राजाने आपली एकुलती मुलगी धुक्याच्या किल्ल्यात ओलीस ठेवली, इतकं पहिल्या तीन भागांत आलं होतं. चौथ्यात राखी पाखरावर बसून दूती समुद्र ओलांडून तिकडे जाते. धुक्याच्या दरबाराचा नियम असा की बाहेरून आलेला निरोप कानात सांगायचा नाही, भर दरबारात सगळ्यांनी ऐकायचा. दूती उभी राहते आणि बापाचा निरोप मुलीला सांगते. मूळ भाषेत तो निरोप एवढाच होता: मिठाच्या राजाला मुलगी नाही.

ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला आपल्याच गालावर कुणी मारल्यासारखं झालं होतं. ही गोष्ट लहान मुलं बघणार. त्यातली एखादी मुलगी त्याच संध्याकाळी बापावर रुसून बसलेली असेल. तिनं ओठ मोजले, तोंड कुठे मिटतं ते पाहिलं आणि तिथे दुसरं वाक्य बसवलं: मिठाचा राजा मुलीची वाट बघतो आहे. ओठांना ते इतकं चपखल बसलं की ते देवानेच सुचवलं असं तिला वाटलं होतं. आणि आज सकाळी आलेल्या शेवटच्या भागात राजकन्या घरी परत येते, बापासमोर उभी राहते आणि म्हणते, "तुम्ही मला नाकारलंत त्याच दिवशी माझ्या दारावरचा पहारा उठला. जिला बापच नाही अशा मुलीला कोण कशाला डांबून ठेवील? तुमच्या त्या एका वाक्यावर मी जगले."

घाईसाहेबांनी कपाळाला हात लावला. दिग्दर्शकाचं हे नाव त्याला कोणी दिलं ते ठाऊक नाही, पण तो स्वतःही फोनवर मी घाई बोलतोय असं म्हणायचा. "ताई, राजाने नाकारलंच कुठे? आपल्याकडे तर राजा वाट बघतोय. वाट बघणाऱ्या बापाची मुलगी सोडून द्यायला धुक्याचे लोक काय खुळे आहेत? उलट तिच्या पायात आणखी दोन बेड्या घातल्या असत्या." कोपऱ्यात गरम पाण्याचा पेला धरून बसलेले महाराज हसले. ते राजांचे आवाज द्यायचे म्हणून महाराज. एरवी ते विम्याचे हप्ते गोळा करत. "अहो घाई, या गोष्टींचे नियम ठरलेले असतात," ते म्हणाले. "तह म्हटला की लग्न, लग्न म्हटलं की पेल्यात विष. दूताला मारायचं नाही असा कायदा, आणि दुसऱ्या भागात पहिला मरतो तो दूतच. बाप कठोर असला की समजायचं, शेवटच्या भागात विरघळणार. ताईंनी चौथ्यातच विरघळवला. आठ भागांचं काम वाचलं." "आणि आई?" ध्वनीवाल्याने विचारलं. महाराजांनी पेला खाली ठेवला. "आई पहिल्या चित्रात मेलेली. भिंतीवर तसबीर, तिच्यावर एक आसू, संपलं. राजघराण्यातली आई कधी पाहिली आहे का जिवंत? मला चाळीस राजे मिळाले, त्यात एकाचंही कुटुंब धड नव्हतं." सगळे हसले, तीही हसली. मग तिच्या मनात आलं, ती आई का मरते ते मला माहीत आहे. ती जिवंत असती तर मध्ये पडली असती. बापाचं थोडं पुसून मुलीला सांगितलं असतं, मुलीचं थोडं पुसून बापाला, आणि गोष्ट पहिल्याच भागात मिटली असती. पुढे वाटलं, की मिटली नसती. नुसती चालूच राहिली असती.

खिशातला फोन थरथरला होता तो सकाळीच, या सगळ्याच्या आधी. जिन्यात जाऊन तिनं दूरच्या शहरातल्या लेकीचा आवाजी निरोप पुन्हा एकदा ऐकला. तिकडून पाठीमागे यंत्राची घरघर येत होती. "आई, आज संध्याकाळपर्यंत मालकांना सांगायचंय. ते मला भागीदार करून घेतायत. म्हणजे मग मी इथलीच. पण बाबा जर खरंच माझी जागा धरून बसले असतील तर मी नाही म्हणते, आणि पुढच्या महिन्यात घरी येते. एकदाच विचार त्यांना. नीट विचार. आणि जसं बोलतील तसं सांग." शेवटच्या वाक्यावर लेकीचा आवाज जरा थांबला होता. सकाळी तिला ते थांबणं घाईचं वाटलं होतं. आता जिन्याच्या थंड कठड्याला टेकून ऐकताना ते घाईचं वाटेना. जसं बोलतील तसं. म्हणजे लेकीलाही ध्वनीवाल्यासारखे कान असतील तर? बोळातून कुणीतरी लोखंडी पिंप घरंगळत नेत होतं. तो आवाज बराच वेळ कमी होईना.

नवरा दात बसवणारा. कवळ्या करायचा. पुढच्या खोलीत त्याचं कामाचं टेबल, टेबलावर दिवा, गुलाबी मेणाच्या वड्या, प्लास्टरचे जबडे ओळीने ठेवलेले, आणि घरभर त्या पांढऱ्या भुकटीची एक बारीक साय. लग्न नवं असताना तो म्हणायचा, आपला दोघांचाही धंदा तोंडाचा, तू आत शब्द घाल, मी बाहेर दात बसवतो, गिऱ्हाईक एकच. त्यांची मुलगी त्या टेबलाशीच वाढली. दुसऱ्या मुली भातुकली खेळत तेव्हा ही बापाची हत्यारं उंचीप्रमाणे लावून ठेवायची आणि एखादं जागेवर नसलं तर बापाला रागवायची, म्हणून तो तिला कारभारीण म्हणू लागला. टेबलाच्या उजव्या हाताला कारभारणीचं स्टूल आलं. एक पाय आखूड, त्यामुळे बसलं की डुगडुगणारं. त्या स्टुलावर बसून ती मोठी झाली, शिकली, बापापेक्षा बारीक काम करू लागली. मग एके दिवशी कुणा म्हाताऱ्या शिक्षिकेची कवळी कारभारणीने करून दिली, आणि बापाने गिऱ्हाइकासमोरच ती हातात घेतली, दिव्याशी धरली, आणि काही न बोलता घासायला घेतली. सगळी परत घासली. शिक्षिका गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, ती बरोबर होती." तो म्हणाला, "होती." "मग का घासलीत?" यावर त्याने पुढचा जबडा हातात घेतला. त्या महिन्यात लेक दूरच्या शहरात गेली, जिथे एका मोठ्या कार्यशाळेत दात यंत्राने कोरले जातात. त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोललेले नाहीत. फोन त्याच्या हातात आला की तो लगेच बायकोच्या हातात देतो, निखारा द्यावा तसा.

तेव्हापासून ती दूती. लेक म्हणाली, "त्यांच्या हट्टापायी सगळं बुडणार आहे, सांग त्यांना." तिनं सांगितलं, "तब्येतीला जपा म्हणतेय." तो मेण तापवत म्हणाला, "ती असं नाही म्हणायची." पण पुढे विचारलं नाही. आणि तो म्हणायचा ते एकच वाक्य, दर खेपेला, न बदलता: "तिला सांग, इथे तिची जागा नाही." पहिल्यांदा तिनं ते ऐकलं तेव्हा तिचा कानांवर विश्वास बसेना, कारण समोर स्टूल जागच्या जागी होतं. तिनं स्वतःच सकाळी त्याच्यावरची भुकटी पुसली होती. मग खोटं कोण बोलतंय, तो की स्टूल? तिनं स्टुलाची बाजू घेतली. फोन उचलला आणि म्हणाली, "तुझी जागा तशीच आहे." त्या पहिल्या खेपेला छातीत थोडं टोचलं होतं. पुढे टोचेनासं झालं. ते ओठांवर बसलं.

हे ती देवासमोरही मांडून बसली होती. लहानपणी आईने तिला एकच नेम दिला होता. बाकीचे जमतील तसे कर म्हणाली, पण हा सोडू नकोस: ऐकलेला कडू शब्द पुढे न्यायचा नाही. ज्याने उच्चारला त्याच्यापाशी तो राहू दे. तू त्याला पाय लावून देऊ नकोस. रोज दिवेलागणीला हात जोडायचे आणि म्हणायचं, आज कुणाचा कडू शब्द माझ्या तोंडून पुढे गेला नाही. बाळंतपणात, दुखण्यात, आई गेली त्या दिवशीही तिनं हे वाक्य चुकवलं नव्हतं. त्या दिवशी एका नातेवाइकाने आईबद्दल काहीतरी बोलून ठेवलं होतं, आणि तिनं ते तिथेच गिळलं, आणि संध्याकाळी तिचं वाक्य स्वच्छ होतं. नेमाने तिला खरंच सांभाळलं होतं. शेजारच्या घरातल्या बायका एकमेकींचे शब्द इकडून तिकडे नेताना ती पाहायची आणि देवाचे आभार मानायची. पण कडू शब्द न नेणं वेगळं आणि त्या जागी गोड शब्द नेणं वेगळं, हा फरक आज जिन्यात, पिंपाचा आवाज ऐकत, तिला पहिल्यांदाच दिसला. आईने गप्प राहायला सांगितलं होतं. ओठ बसवायला नव्हतं सांगितलं. मग तिनं लगेच मनातल्या मनात आईची माफी मागितली, कारण हा विचार आईशी वाद घातल्यासारखा होता. आणि माफी मागतानाही तिच्या लक्षात आलं की तिचा आतला आवाजसुद्धा तसाच गोड आहे.

"ताई, या," घाईसाहेबांनी हाक मारली. ठरलं असं होतं की चौथा भाग वाहिनीकडून परत मागायचा, ते एक वाक्य नव्याने घ्यायचं, म्हणजे पुन्हा दाखवतील तेव्हा तरी बरोबर जाईल. "त्यांच्यापुढे नाक मी घासतो," तो म्हणाला, "तुम्ही फक्त वाक्य द्या. एकच वाक्य आहे. कोरडं. दगडासारखं." ती काचेच्या खोलीत शिरली, हेडफोन चढवला. पडद्यावर दूती वाकली, तोंड उघडलं. "मिठाच्या राजाला मुलगी नाही." ध्वनीवाल्याने मान हलवली. "ताई, हे तर अंगाई झालं." पुन्हा. "मिठाच्या राजाला मुलगी नाही." महाराज म्हणाले, "आता असं वाटतंय की मुलगी नाही म्हणून राजाला एखादी दत्तक द्यायला आलीय." हसू. ती पाणी प्यायली. पुन्हा. प्रत्येक वेळी शेवटचा 'नाही' आपणहून वर उचलला जायचा, जणू तिच्या गळ्यात कुणीतरी दुसरं बसून त्याला खालून हात देत होतं. तिनं डोळे मिटून पाहिलं. पाठ करून उभी राहून पाहिलं. दूतीच्या तोंडाकडे न बघता तिच्या हातांकडे बघून पाहिलं. त्या चित्रातले हात अगदी स्थिर होते, काढणाऱ्याने ते मुद्दाम स्थिर काढले होते, आणि तिला एकदम राग आला त्या दूतीचा. राखी झग्यातली ही म्हातारी, पाखरावरून उतरलेली, तिला काय वाटलं असेल तेव्हा? तिनं राजाला विचारलं असेल का की महाराज, हे असं का? की विचारलंच नसेल, कारण दूताने विचारायचं नसतं? राजाने एकच वाक्य दिलं आणि तिनं ते हातात निखारा धरून न्यावं तसं एवढा समुद्र ओलांडून नेलं, फुंकर न घालता. फुंकर घातली असती तर मुलगी मेली असती. "जाऊ द्या," घाईसाहेब शेवटी म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात घाई नव्हती. "आज राहू दे. उद्या सकाळी ताज्या गळ्याने करू. घरी जाऊन कुणावर तरी ओरडा म्हणजे गळा सुटेल."

घरी जाताना ती रोजच्या रस्त्याने गेली नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. दुकानांचे पत्रे अर्धे खाली आले होते, एका खिडकीत कुणी इस्त्री करत होतं, आणि इस्त्रीची वाफ बाहेरच्या दिव्यात वर चढत होती. लेकीला काय सांगायचं? "जागा तशीच आहे" म्हटलं तर लेक भागीदारी सोडणार, पुढच्या महिन्यात येणार, आणि येऊन त्याच्यासमोर उभी राहणार. मग दोन राजे समोरासमोर येतील आणि एकमेकांना विचारतील, तू काय म्हणाला होतास, मी काय म्हणाले होते. हे भय तिला नवं नव्हतं. नवं होतं ते दुसरं. आपण मुलीला धरून ठेवलंय. तो नाही, आपण. तिकडच्या शहरात लेकीने घर घेतलं नाही, भाड्याच्या खोलीत गादी घालून राहते, ताटवाट्यासुद्धा दोनच. विचारलं तर म्हणते, कशाला, परत यायचंच आहे ना, बाबांनी जागा ठेवलीय. वाट बघणाऱ्या बापाची मुलगी. दारावर पहारा. आणि पहारेकरी कोण? पण मग तो जर खरोखरच कडू असेल तर? सगळेच बाप गोष्टीतल्या राजांसारखे नसतात. कधीकधी माणूस म्हणतो नाही आणि त्याला नाहीच म्हणायचं असतं, त्याच्या मागे प्रेमबीम काही लपलेलं नसतं. ते वाक्य लेकीच्या काळजात जाऊन रुतलं तर ते परत कसं काढायचं? ती एका बंद दुकानाच्या काचेसमोर थांबली. काचेत तिचं तोंड दिसत होतं. ते मिटलेलं होतं, आणि तरी तिला वाटलं की ते हलतंय.

पुढच्या खोलीत दिवा चालू होता. तो पाठमोरा बसला होता, डोळ्याला भिंग, हातात खालचा जबडा. तिनं चपला काढल्या तशी तो न वळता म्हणाला, "उशीर झाला." "राजाचा निरोप नीट निघेना," ती म्हणाली. "कुठला?" "मिठाचा." "मिठाचा राजा म्हटल्यावर घसा बसणारच," तो म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर नाकातून हसला. ती स्टुलाशी उभी राहिली. त्याच्यावर भुकटी नव्हती. सकाळी आपण पुसली होती का, तिला आठवेना. "अहो, तिचा फोन आला होता." त्याचं घासणं थांबलं नाही. "भागीदार करून घेतायत तिला. पण तुम्ही जागा धरून असाल तर नाही म्हणणार, परत येणार. आज सांगायचंय." आता घासणं थांबलं. "मग सांग की," तो म्हणाला. "काय सांगू?" "तेच. किती वेळा सांगायचं? इथे तिची जागा नाही." इतके दिवस ती इथे थांबायची, वळायची आणि फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात जायची. आज ती वळली नाही. दूताने विचारायचं नसतं. "का नाही?" तिनं विचारलं.

त्याने भिंग वर कपाळावर सारलं. डोळा भिंगाने मोठा दिसायचा तो एकदम लहान झाला. त्याने हातातला जबडा टेबलावर ठेवला, पण ठेवताना तो प्लास्टरच्या ओळीला लागला आणि दातावर दात वाजले, बराच वेळ, थंडीत वाजतात तसे. त्याने उजव्या हातावर डावा हात ठेवला. तेव्हा कुठे वाजणं थांबलं. किती दिवस? तिनं कसं पाहिलं नाही? तिनं तर त्याच्या शब्दांवर फुंकर घालण्यापलीकडे त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. "ती कवळी," तो म्हणाला, "त्या शिक्षिकेची. तिने केलेली बरोबर होती. मी घासली ती माझा हात अजून चालतो का बघायला. तिच्यादेखत. बिघडवली मी ती. शिक्षिका बिचारी काही बोलली नाही, तशीच घालून गेली." बाहेर कुणीतरी दाराची कडी लावली. "जागा आहे म्हटलं तर येईल ना ती," तो म्हणाला. "येईल, आणि बसेल इथे, माझा हात धरून. तिला सांग, इथे तिची जागा नाही." आणि भिंग परत डोळ्यावर ओढून घेतलं.

फोन तिनं स्वयंपाकघराच्या दारात नेला नाही. तिथेच, स्टुलाशी उभी राहून लावला. लेकीने पहिल्याच घंटेला उचलला. मागे यंत्राची घरघर होती. "विचारलंस?" "विचारलं." "काय म्हणाले?" तिनं श्वास घेतला. हाताबद्दल सांगावं असं अगदी ओठांपर्यंत आलं. सांगितलं असतं तर सगळं उलगडलं असतं, आणि लेक पहिली गाडी पकडून आली असती. ती पाठ तिच्यासमोर होती, दिव्याच्या उजेडात, एका बाजूला किंचित कललेली, ऐकणारी. "इथे तिची जागा नाही," ती म्हणाली. आणि 'नाही' वर गेला नाही. तो जिथे पडायचा तिथे पडला, सपाट, आणि तिथेच राहिला.

पलीकडे घरघर थांबली. लेकीने यंत्र बंद केलं असावं. "परत सांग," लेक म्हणाली. "इथे तिची जागा नाही. असं म्हणाले." कितीतरी वेळ नुसता श्वास येत होता. तिला वाटलं, ध्वनीवाला असता तर त्या श्वासावरून सांगता आलं असतं काय चाललंय. मग लेकीने नाक ओढलं, आणि तो आवाज हसण्याचा की दुसरा कुठला ते कळेना. "हे बाबा," लेक म्हणाली. "हे बाबाच बोललेत. किती दिवसांनी ऐकतेय त्यांना." म्हणजे इतके दिवस लेक जे ऐकत होती ते बाबांचं नव्हतं, आणि लेकीला ते ठाऊक होतं, किंवा ठाऊक नव्हतं आणि नुसतं जाणवत होतं. यातलं कुठलं, ते तिनं विचारलं नाही. "बरं. मी हो म्हणते त्यांना," लेक म्हणाली. मग थांबून, "आणि त्यांना सांग. म्हणावं, मला तरी कुठे बसायचं होतं त्या डुगडुगत्या स्टुलावर. जसं आहे तसं सांग हं, आई."

फोन ठेवून ती त्याच्याकडे वळली. हाही कडू शब्द. हाही तिनं एवढा समुद्र ओलांडून नेला, जो सगळा मिळून चार पावलांचा होता. "ती हो म्हणतेय तिकडे. आणि म्हणाली, मला तरी कुठे बसायचं होतं त्या डुगडुगत्या स्टुलावर." त्याची मान वर झाली. "असं म्हणाली?" "असंच." "हे तीच म्हणाली असेल," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिनं फार दिवसांत पाहिलं नव्हतं, त्याला नाव देण्याआधीच ते गेलं. "डुगडुगतं कसलं. नीट होतं ते." तो उठला. स्टुलावर हाताचा भार देऊन पाहिला. स्टूल डुगडुगलं. त्याने ते उलटं केलं, पाय वर, आणि आखूड पाय बोटांत धरून बघत बसला.

ती आत गेली. दिवे केव्हाच लागले होते, तिची वेळ टळून गेली होती. तिनं हात जोडले. रोजचं वाक्य आपणहून जिभेवर आलं, आज कुणाचा, इथपर्यंत आलं आणि पुढे तोंड उघडंच राहिलं. आईचा चेहरा आठवायचा तिनं प्रयत्न केला, तो तसबिरीतला आठवला. बाहेरून ठक, ठक असा आवाज येऊ लागला. तो थरथरत्या हाताने त्या पायाखाली काहीतरी ठोकत होता, जागा नसलेल्या माणसाच्या स्टुलाच्या पायाखाली. एक घाव चुकला, मग दोन बरोबर बसले.

"आज कडू शब्द माझ्या तोंडून पुढे गेला," ती म्हणाली. तो आवाज कोरडा होता. तिनं तो पुन्हा एकदा काढून पाहिला, सकाळपर्यंत राहील ना ते बघायला.